बसायची भिंत

प्रल्हाद ओव्हाळ नेमकं काय काम करतात, हे त्यांच्या गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. नेमणुकीच्या कागदावर ‘प्रदर्शन रचनाकार’ असं लिहिलेलं होतं. जळकोटला मात्र ते ‘धाराशिवला फोटो टांगायच्या कामाला’ होते, आणि खुद्द ओव्हाळांना हे वर्णन फार आवडायचं. म्हणायचे, “बरोबरच हाय की. टांगायचंच काम हाय. कुठं टांगायचं, तेवढ्याचाच पगार.”

आमचं कलासंग्रहालय तसं लहान. एका हौशी वकिलानं जन्मभर गोळा केलेल्या मूर्ती, चित्रं आणि भांडी, त्यांच्यासाठी बांधलेली चार दालनं आणि एक भांडार. मी तिथं नोंदणी सहायक म्हणून लागले त्याला वीस वर्षं होऊन गेली. माझं काम वस्तूंना नंबर घालण्याचं, पण माणसं कमी असल्यानं रविवारी दालनात उभं राहण्याची पाळीही माझ्यावर यायची. नोकरी नवी होती, त्यामुळं कडकपणाही नवा होता. हात लावू नका, रेघेच्या मागं राहा, मोठ्यानं बोलू नका, इथं बसू नका, असा माझा पट्टा दिवसभर चालू असायचा. संग्रहालय माझ्यामुळंच टिकून आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

ओव्हाळ तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. उंच, हडकुळे, कानामागं शिसपेन्सिल, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. पायात बहुधा काहीच नाही. हे अनवाणी फिरणं मला सुरुवातीला नाटक वाटलं होतं. मग कारण कळलं. आमच्याकडं खेड्यातून येणारी माणसं संग्रहालयाच्या दारात चपला काढतात. काढू नका म्हणून पाटी लावली तरी काढतात. आत देव आहेत म्हटल्यावर चपला घालून जायचं कसं? ओव्हाळांनी ती पाटी उतरवली, दाराशी चपलांसाठी मांडणी केली आणि प्रत्येक प्रदर्शन उघडण्याआधी एक अख्खा दिवस स्वतः अनवाणी फिरायचा नेम धरला. कुठं खिळा टोचला, कुठं फरशी उन्हानं तापली, तिथं खडूनं फुली मारायचे. त्या फुल्या पुसल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही.

चित्रं लावण्याची त्यांची पद्धत म्हणजे निव्वळ सोयरीक जमवणं होतं. आधी सगळी चित्रं भिंतीला टेकवून खाली उभी करायचे आणि दोन दोन दिवस नुसते बघत बसायचे. मी वैतागून विचारायचे, “सर, लावायची कधी?” तर म्हणायचे, “थांबा ताई, ह्या दोघांची भाऊबंदकी दिसतीय. एका भितीवर नांदायचे न्हाईत. मधी बांध घालावा लागंल.” बांध म्हणजे दोन चित्रांच्या मधली मोकळी भिंत. ती किती ठेवायची यावरून त्यांचं स्वतःशीच भांडण चालायचं. एकदा एका लहानशा चित्रासाठी त्यांनी अख्खी भिंत रिकामी सोडली. संचालक म्हणाले, जागा वाया गेली. ओव्हाळ म्हणाले, “त्याला शेजार सहन होईना, साहेब.” आणि खरंच, त्या प्रदर्शनात लोक सगळ्यात जास्त वेळ त्या एकट्या चित्रापुढंच थांबले.

वस्तूंखाली लावायच्या मजकुराची परीक्षा आमचे पहारेकरी मकबूलभाई घेत. मकबूलभाई सातवी शिकलेले, आवाज खणखणीत. प्रत्येक मजकूर ओव्हाळ त्यांना मोठ्यानं वाचायला लावत आणि स्वतः डोळे मिटून ऐकत. मकबूलभाई जिथं अडखळतील तो शब्द जायचा. एकदा मी मोठ्या अभिमानानं ‘अभिजात सौंदर्यदृष्टीचा उत्कट आविष्कार’ असं लिहून दिलं. मकबूलभाई ‘अभिजात’पाशी थांबले, घसा खाकरला, परत सुरुवात केली, परत थांबले. शेवटी कागद खाली ठेवून म्हणाले, “ताई, ये क्या गाडी पुढं जाईना की.” ओव्हाळांनी शांतपणे रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘ही बाई आरशात बघते आहे. आरशाची मूठ बघा.’ त्या वाक्यानंतर लोक मुठीकडं वाकून बघायला लागले. मला आठवडाभर राग होता, हे कबूल करते.

पण त्यांची खरी हुशारी मला दिसली ती देवीच्या मूर्तीच्या वेळी. नांगरताना सापडलेली एक सुरेख दगडी देवी आमच्याकडं आली होती. उघडी ठेवली तर आठवड्यात तिच्या कपाळाला कुंकू, पायाशी तांदूळ. मी रोज पुसून पुसून दमले. संचालकांनी काचेची पेटी करायला सांगितली. ओव्हाळांनी पेटी केली नाही. मूर्ती हात पोचणार नाही इतकी मागं सरकवली आणि पुढ्यात, बरोबर वाकल्यावर हात जाईल तिथं, एक सपाट काळा दगड बसवला. काहीही लिहिलं नाही. पहिली बाई आली, मूर्तीकडं बघितलं, दगडाकडं बघितलं, आणि कुंकू दगडाला लावून पुढं गेली. त्या दिवसापासून मूर्तीवर एक बोट उमटलं नाही.

“तुम्ही तर हात जोडत नाही,” मी म्हटलं. ओव्हाळांचं घर बौद्ध, आईवडिलांनी धर्म घेतलेला.

“म्या न्हाई जोडत. पर ज्याला जोडायचेत त्याच्या हाताला जागा नको का?”

आता त्या भिंतीविषयी. मी लागल्यानंतरच्या दुसऱ्या प्रदर्शनात ओव्हाळांनी शेवटच्या दालनातली एक भिंत वेगळी काढली. तिच्यावर चित्रं इतकी खाली लावली, की मला वाटलं अजून वर चढवायची राहिली आहेत. पुढ्यात सतरंजी अंथरली. मग खिशातून एक जाड सुती दोरा काढला. दोऱ्याच्या टोकाला लोखंडी नट बांधलेला, गवंड्याच्या ओळंब्यासारखा, आणि वर अडीच फुटांवर एक गाठ. नट जमिनीला टेकवून ते प्रत्येक चित्राचा मध्य त्या गाठीशी जुळवत होते.

“ही गाठ कसली?”

“आईची. मांडी घालून बसल्यावर तिचं डोळं हितं येतात.”

तेव्हापासून प्रत्येक प्रदर्शनात एक भिंत त्या गाठीनं लागायची. लोक तिला बसायची भिंत म्हणायला लागले. बाजाराला आलेल्या बाया पिशव्या बाजूला ठेवून तिथं टेकायच्या आणि चित्राशी गप्पा मारल्यासारख्या बोलायच्या. आणि प्रत्येक प्रदर्शनाच्या वेळी एक निमंत्रणपत्रिका पोस्टानं जळकोटला जायची, ‘सोजरबाई ओव्हाळ’ या नावानं. ओव्हाळ स्वतः तिकीट चिकटवायचे. आई कधी आली नाही. कधी सोयाबीन काढणीला आलेलं असायचं, कधी गुडघे, कधी मोतीबिंदू, आणि काहीच नसलं तर ‘मला काय कळतंय त्यातलं’. उद्घाटनाच्या दिवशी ओव्हाळ फाटक दिसेल अशा बेतानं उभे राहायचे. पाहुणे बोलत असायचे, यांचं लक्ष फाटकाकडं. दुपारची बस येऊन गेली की मग जेवायचे. मी चेष्टा करायचे, “सर, आईनं तुम्हाला नापास केलंय बघा.” ते हसायचे. हे मी वीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, ते आठवलं की आज जीभ चावावीशी वाटते.

मधे पुण्याहून नव्या संचालक मॅडम आल्या. हुशार बाई. पहिल्याच फेरीत बसायच्या भिंतीपुढं थबकल्या. “चित्राचा मध्य पाच फुटांवर असतो, ओव्हाळ. हे सगळीकडे ठरलेलं आहे. आणि लोकांना जमिनीवर बसवायचं, बरं दिसतं का?”

“आपुन बसवत न्हाई, मॅडम. ते बसतातच. आपुन फकस्त त्यांच्याम्होरं चित्र आणतो.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर तीन भिती तुमच्या, एक माझी. इतक्या वर्षांत म्या दुसरं काय मागितलं न्हाई.”

आवाज चढला नव्हता, पण मी त्यांना हट्ट करताना पाहिलं ते तेवढंच. मॅडमनी एक रविवार दालनात घालवायचं ठरवलं. संध्याकाळी बघितलं तर त्या स्वतः सतरंजीवर बसलेल्या, शेजारच्या म्हातारीकडून चित्रातल्या बैलाचं वय समजून घेत होत्या. भिंत राहिली.

गेल्या वर्षी ओव्हाळांचं शेवटचं प्रदर्शन होतं. विषय त्यांनीच निवडला, दुपटी. लेकराला गुंडाळायची, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून शिवलेली लहान गोधडी, ते दुपटं. जिल्हाभरातून अठरा जमली. एकोणिसावं जळकोटचं, त्यांच्या आईनं त्यांच्यासाठीच शिवलेलं. उसनवारीचा कागद वस्तूच्या मालकानं माझ्यासमोर सही करायचा नियम आहे, म्हणून मी त्यांच्याबरोबर निघाले. दुपटं गुंडाळून आणायला ओव्हाळांनी पुठ्ठ्याची एक जाडजूड नळी घेतली होती, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळलेली. नळी तेरखेड्याच्या फटाकेवाल्यांकडची, तिच्यावर ‘आकाशी बार’ असं लाल अक्षरांत छापलेलं. बसमध्ये कंडक्टरनं मांजरपाट जरा बाजूला सारून वाचलं आणि दोन पावलं मागं सरला. ओव्हाळांनी नळी डोळ्याला लावून त्याच्याकडं बघितलं आणि मग त्यालाही त्यातून बघायला लावलं. तुळजापूरपर्यंत तो अधूनमधून नळी मागून घेत होता.

सोजरबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. ऐंशी पार केलेल्या, मुठीएवढ्या. पाठ पार वाकलेली, पण नजर लख्ख. मोतीबिंदू काढून झाला होता. मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. लेकानं दुपटं मागितल्यावर सूप खाली ठेवून म्हणाल्या, “मुताचं फडकं ते. भितीला लावतूस व्हय?”

“लावतो की. समद्यांचीच लावलीत.”

“येडं हाय माजं पोरगं,” त्या मला म्हणाल्या, आणि पत्र्याच्या पेटीतून दुपटं काढून आणलं. मी कागद भरायला घेतला. कुणी शिवलं? “म्याच.” कापड कुठलं? त्या एकेका तुकड्यावर बोट ठेवत गेल्या. हे सासूचं लुगडं, हा मालकाचा पटका, ही भावाची बंडी. मधोमध एक पांढरा चौकोन होता, धुऊन धुऊन मऊ झालेला. “ह्यो धर्म घेतला त्या दिवशी नेसलेल्या पातळाचा. पेटीतलं समद्यात चांगलं कापड तेच व्हतं, म्हून लेकराच्या छातीवर येईल असं लावलं.” मी ते जसंच्या तसं लिहिलं. त्यांनी सावकाश, अक्षर अक्षर काढत सही केली. मग पेन माझ्या हातात देताना माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

“तू त्या फोटूच्या घरातली ना? वळखलं म्या तुला. तू मला उठवलं व्हतंस.”

“आई, आता कशाला,” ओव्हाळ म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्यांना हे पहिल्यापासून ठाऊक आहे.

“सांगू दे की. लेकानं पयल्यांदा बोलावलं व्हतं. बैलाचं चित्र व्हतं, बघून बरं वाटलं म्हून म्होरंच टेकले. तू आलीस. ‘मावशी, उठा, इथं बसायचं नसतं.’ वाईट न्हाई बोललीस. पर उठवलंस. जल्मात लई जागी उठवलंय आमाला. मनात आलं, लेकाच्या दारात तरी नको. मंग न्हाई आले.”

मला ते आठवत नव्हतं, हे सगळ्यात वाईट. त्या महिन्यात मी अशा किती बायांना उठवलं असेल, त्यातली ही एक. मी खुर्चीवरून उतरून त्यांच्यासमोर खाली बसले. “चुकलं माझं,” म्हटलं. डोळ्यांतलं पाणी थांबेना.

“रडतीस कशाला? नोकरी व्हती तुजी.” त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. “आता आले तर बसू देशील का?”

“तुमच्या लेकानं बसायलाच जागा केलीय. एक अख्खी भिंत. तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर.”

“व्हय रं?” त्यांनी लेकाकडं बघितलं. “कदी बोलला न्हाईस.”

ओव्हाळ नळीत दुपटं सरकवत होते. “तू आल्यावर दिसलंच असतं की,” एवढंच म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी दुपट्याची नळी मांडीवर घेऊन बसले होते. नळदुर्ग मागं पडल्यावर विचारलं, “वीस वर्षांत एकदा तरी मला सांगायचं होतं, सर. मी त्याच दिवशी जाऊन पाय धरले असते.”

“त्यानं काय झालं असतं? तुमी माज्या आईला परत उठवलं नसतं. बाकीच्या बायांना उठवलंच असतं की.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “त्यापरीस भीत केलेली बरी.”

दुसऱ्याच्या चुकीशी असं वागणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी असते तर पहिल्याच दिवशी चारचौघांत ऐकवलं असतं, आणि ऐकवून मोकळी झाले असते.

प्रदर्शन उघडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सोजरबाई आल्या. शेजारणीला बरोबर घेऊन, पांढऱ्या नव्या पातळात. फाटकाशी मकबूलभाई खुर्चीवरून उठून उभे राहिले. चपला मांडणीत ठेवून त्या आत आल्या, तीन भिंती नुसत्या नजरेखालून घातल्या आणि बसायच्या भिंतीपुढं येऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. माझ्याकडं बघितलं. तेव्हा मीच आधी सतरंजीवर मांडी घातली. मग गुडघ्यांवर हात दाबत त्याही बसल्या.

समोर त्यांचं दुपटं होतं. ओव्हाळ दाराशी उभे राहून आईकडं बघत होते. वीस वर्षं फाटकाकडं बघणारा माणूस, पण आता पुढं यायचा त्यांना धीर होत नव्हता. सोजरबाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग हात मानेमागं गेला.

“वर हाय गं जरा,” त्या मला हळूच म्हणाल्या. “मान दुकती.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. ओव्हाळांनी मात्र ऐकलं होतं. ते आले, आईशेजारी उकिडवे बसले, खिशातून दोरा काढला आणि नट फरशीला टेकवून दोरा तिच्या चेहऱ्यालगत ताणून धरला. गाठ पार कपाळावर आली होती. डोळे गाठीच्या चांगले चार बोटं खाली होते.

“बारीक झालीस की गं आई,” ते म्हणाले.

“वाकले म्या. पाठीची कमान झाली, दिसंना का तुला?” आणि त्या दोन वीत मागं सरकल्या. “हितनं दिसतंय बग. राहू दे.”

तिथून त्यांनी तासभर बघितलं. शेजारी येऊन बसलेल्या बायांना कुठला तुकडा कुणाचा ते सांगितलं. पांढऱ्या चौकोनापाशी आल्यावर एका बाईनं आपलं लेकरू सोजरबाईंच्या मांडीवर ठेवलं. चारच्या बसनं त्या गेल्या. जाताना मला म्हणाल्या, “न्हाई उठवलंस.”

सोमवारी संग्रहालय बंद असतं. मी काही कागद राहिले म्हणून आले, तर शेवटच्या दालनात बसायच्या भिंतीवरची सगळी दुपटी उतरवून सतरंजीवर ठेवलेली, आणि ओव्हाळ भिंतीतली जुनी भोकं रंगाऱ्याच्या लांबीनं बुजवत होते. निवृत्तीला चार दिवस राहिले होते. मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, “आता शेवटी कशाला खटाटोप? कुणी तक्रार केली का?”

“व्हय. बघायला आलेल्या बाईनं.”

दिवसभर ते फरशीवरच होते. दोऱ्यात जुन्या गाठीखाली चार बोटांवर दुसरी गाठ मारली आणि एकेक दुपटं तिच्याशी जुळवत गेले. मकबूलभाई खिळे देत होते. मी विचारलं, “आई परत येणार आहेत का?”

“तिचं बघून झालं. दुसऱ्या कुणाची तरी येईल की.”

निरोपाला शाल झाली, नारळ झाला. ओव्हाळ दोन वाक्यं बोलले, त्यातलं एक मकबूलभाईंविषयी होतं. सगळे चहाकडं वळल्यावर ते मला शेवटच्या दालनात घेऊन गेले. “बसा, ताई.”

मी बसले. त्यांनी माझ्याशेजारी उकिडवं बसून नट जमिनीला टेकवला, दोरा माझ्या चेहऱ्यालगत धरला आणि एक डोळा मिटून बघितलं. मग दोरा गुंडाळून माझ्या हातात दिला.

“वरची गाठ तुमाला बरोबर बसती. खालचीला अजून टाइम हाय.”

एवढं म्हणून ते उठले, मांडणीतून चपला घेतल्या, आणि जळकोटची बस चुकू नये म्हणून चपला हातातच धरून फाटकाबाहेर पडले.